कऱ्हेचा र

गेल्या पावसाळ्यात एका ग्रंथालयात 'कऱ्हेचे पाणी' मागायला गेले होते. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राचा दुसरा खंड पुन्हा वाचायचा होता. देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने नाव टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपल्याकडे नाहीये, मॅडम." तिच्या पाठीमागच्या कपाटात ते खंड ओळीने उभे होते. मी बोट दाखवलं. तिने वळून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "पण इथे शून्य दाखवतंय," ती म्हणाली. मग आम्ही लेखकाच्या नावाने शोधलं. नोंद होती. नावही बरोबर होतं, 'कऱ्हेचे पाणी'. तिने टाइप केलेलंही तेच होतं. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून पाहिल्या तरी डोळ्यांना केसभर फरक दिसेना. ती बिचारी वरमली, जणू चूक तिचीच होती.

चूक तिची नव्हती. हे दुखणं माझ्या जुन्या ओळखीचं आहे. हे दोन शब्द पाहा: कऱ्हाड, कर्‍हाड. कागदावर ते जुळे भाऊ आहेत. संगणकाच्या पोटात मात्र पहिला एका प्रकारे साठवलेला आहे आणि दुसरा वेगळ्या प्रकारे. पहिल्यात खाली टिंब असलेला ऱ आहे, मग पाय मोडल्याची खूण, मग ह. दुसऱ्यात साधा र आहे, पाय मोडल्याची खूण आहे आणि त्यानंतर एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह आहे. दोन्ही रीती मान्यताप्राप्त आहेत. त्या एकच समजायच्या हे यंत्राला कोणी मुद्दाम शिकवलं नसेल, तर यंत्र त्यांना दोन वेगळे शब्द मानतं. ग्रंथालयाची यादी करणाऱ्याने एक रीत वापरली होती, त्या मुलीच्या कळफलकाने दुसरी.

हा अर्धा र मराठीचा फार जिवाभावाचा आहे. इंग्रजीत त्याला पापणीचा र म्हणतात. आडव्या पापणीसारखा दिसतो म्हणून. हिंदीला त्याची गरज पडत नाही. नेपाळीला पडते, आपल्याला पडते. 'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलवा' या दोन वाक्यांत माणूसच बदलतो. कोळ्याचा दर्या वेगळा, सह्याद्रीतल्या दऱ्या वेगळ्या. 'दर्या' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येतो आणि जीभ थांबते. 'दऱ्या' म्हणताना ती थांबत नाही, घसरत पुढे जाते. शेकडो वर्षांच्या बोलण्यातला हा एवढासा झोल कुणीतरी कानाने टिपला आणि त्याला कागदावर आकार दिला. ज्याने दिला त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्या कानाबद्दल मला आदर आहे.

माझे वडील खिळे जुळवायचे. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शाळा सुटली की मी तिकडे जाई. शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडलचा ठेका आणि उभं राहून काम करणारे अण्णा. लाकडी केसच्या खणाखणांत अक्षरं भरलेली असत. त्यांचा हात न बघता बरोबर खणात जायचा. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला शंभरेक खणांत भागतं, देवनागरीला जोडाक्षरांमुळे कितीतरी जास्त लागतात. क्ष, ज्ञ, श्र, त्र तर सोडाच, द्ध वेगळा, द्य वेगळा, ह्म वेगळा. आपल्या जुन्या छापखान्यांनी हे ओझं आनंदाने उचललं होतं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तिथल्या अक्षरांचं वळण पाहा. काम वाचावं म्हणून कुठे हात आखडलेला दिसत नाही. अर्ध्या र-चा खिळा बारीक, पटकन झिजणारा, हरवणारा. तो संपला की अण्णा शेजारच्या छापखान्यातून चार-पाच उसने आणायला मला पाठवत. मुठीत घट्ट धरून आणायचे. "सांडू नकोस, उद्या शेतकऱ्यांचं पत्रक छापायचंय," असं एकदा त्यांनी बजावलं होतं. त्या वाक्यातला अर्थ मला फार उशिरा कळला.

अक्षर यंत्राला जड जातं म्हणून अक्षरच बदलून टाकावं, असं या देशात पुन्हा पुन्हा ठरवलं गेलं आहे. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली, इ आणि ई ऐवजी अि आणि अी. हेतू स्वच्छ होता, खिळे कमी व्हावेत, छपाई सोपी व्हावी. पुढे १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी, फक्त तिची दांडी आखूड ठेवावी, असा निर्णय झाला. टंकयंत्राला डावीकडची वेलांटी अडचणीची होती. मुंबई राज्यातल्या शाळेच्या पुस्तकांतही ही लखनौ लिपी काही वर्षं आली. अण्णा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांनी आधी घरी आजोबांकडून 'कि' एका बाजूने शिकला, मग शाळेत दुसऱ्या बाजूने शिकला आणि थोड्या वर्षांनी लिपी मागे घेतली गेली तेव्हा पुन्हा पहिल्या बाजूने शिकला. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे. थकवा असे. एका पिढीच्या हाताला तीन वेळा वळण लागलं, तेही मुलांच्या सोयीसाठी नव्हे, यंत्राच्या सोयीसाठी.

म्हणून मला ती संध्याकाळ विसरता येत नाही. २००४-०५ची गोष्ट असेल. मी तोवर अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम करत होते. तेव्हाच्या मराठी फॉन्टांची रीत अशी की पडद्यावर मराठी दिसे, पण खाली इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत. फॉन्ट बदलला की मजकुराची रांगोळी विस्कटे. एका प्रकाशकाकडे पाठवलेली अख्खी कादंबरी त्यांच्याकडे चिन्हांचा ढिगारा होऊन उघडली आणि मला रात्रभर बसून पुन्हा बसवावी लागली, हेही मी भोगलं आहे. मग घरी नवा संगणक आला, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारं युनिकोड चालू करून घेतलं आणि अण्णांना बोलावलं. आधी क दाबला. मग वेलांटी दाबली. वेलांटी क-च्या उजवीकडे न थांबता उडी मारून डावीकडे जाऊन बसली.

अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. "पुन्हा कर," म्हणाले. मी पुन्हा केलं. त्यांनी चार-पाच वेळा करायला लावलं. मग स्वतः एका बोटाने केलं. वेलांटी साठवायची ती उच्चाराच्या क्रमाने, क-नंतर. आणि दाखवायची ती लिपीच्या रूढीप्रमाणे, क-च्या आधी. ज्या अडचणीपायी त्यांच्या पिढीची वेलांटी उलटी केली गेली, ती अडचण यंत्राने आता स्वतःच्या अंगावर घेतली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आता ते शिकलं." ते म्हणजे यंत्र.

यंत्राला कुणी शिकवलं, हे मी नंतर शोधत गेले. आणि शोधताना मला आपल्या वर्तमानपत्रांबद्दल एक तक्रार सापडली. १९८०च्या दशकात अमेरिकेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला नकार दिला, हवामानाच्या कामासाठी दिल्लीला त्याहून लहान यंत्र दिलं, आणि त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते, आणि सांगावीच. पण त्याच सी-डॅकमध्ये त्याच काळात आयआयटी कानपूरहून आलेलं 'जिस्ट' नावाचं तंत्र वाढत होतं, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्ड बनवलं, जे साध्या संगणकात बसवलं की तो भारतीय लिप्या लिहू लागे. त्यांच्या कामामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. आपल्या लिप्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी वर्णमाला एकच आहे, क-ख-ग-घ-ङ. मग सगळ्यांसाठी एकच सांकेतिक तक्ता आणि एकच कळफलक का नको? इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला; ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर तेलुगूचा क, बंगालीचा क. माझ्या ओळखीची एक बाई तेलुगू वाचू शकत नाही, पण ऐकून टाइप करू शकते.

१९९१ साली या तक्त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याला इस्की म्हणतात. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात, झेरॉक्स आणि ॲपलमधल्या काही अभियंत्यांच्या खटपटीतून, युनिकोड कन्सॉर्शियम नोंदवलं गेलं आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एका वहीत जागा द्यायची होती. देवनागरीसाठी त्यांनी इस्कीचा १९८८चा तक्ता उचलला. आपली अक्षरं आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये ज्या क्रमाने बसली आहेत, तो क्रम इथल्या माणसांनी लावलेला आहे. पुढे विंडोजमध्ये आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्टही मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवला. ते सुलेखनकार होते आणि मराठीत कविताही करत. २००८ साली ते गेले. त्यांच्या अक्षरांत मराठीने गेली पंचवीस वर्षं अर्ज भरले, प्रेमपत्रं लिहिली, नोकऱ्यांचे राजीनामे दिले.

मग अर्ध्या र-चं असं का झालं? इस्कीने त्याला खाली टिंबाच्या ऱ-मधून वाट काढून दिली. तो ऱ मुळात दाक्षिणात्य भाषांतला उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठीचा. युनिकोडच्या एका जुन्या आवृत्तीने दुसरी वाट सांगितली, साध्या र-ची आणि अदृश्य जोडचिन्हाची. नंतर कुणाचेही जुने मजकूर बिघडू नयेत म्हणून दोन्ही वाटा चालू ठेवल्या गेल्या. यात कुणाचा कट नव्हता. तिथे बसलेल्यांना देवनागरी म्हणजे प्रथम हिंदी वाटत असावी, आणि हिंदीत हे अक्षर नाही. मराठी त्या वहीत आली ती पाहुणी म्हणून, परिशिष्टातल्या एका नियमासारखी. त्या खोलीत कऱ्हाडचं एखादं माणूस असतं, तर त्याने पहिल्याच दिवशी हात वर केला असता: माझ्या गावाचं नाव एकाच प्रकारे लिहिलं गेलं पाहिजे.

मी रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाते. तिथे आमचा पाच-सहा जणांचा घोळका आहे. एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. एक आयटीतून स्वेच्छानिवृत्त झालेले. एक शाळेतल्या बाई. चढावर दम लागेपर्यंत पेपरातल्या बातम्यांची चर्चा चालते. कुठला देश कुणाला चिप विकणार नाही, कुठलं ॲप बंद झालं, कृत्रिम बुद्धिमत्ता कुणाच्या नोकऱ्या खाणार. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा काकांनी पेढे आणले होते. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस मागे घेतला गेला, त्या अडीच महिन्यांत टेकडीवर जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई आणि आयटीवाले तर दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याच दिवसांत मी माझ्या र-चं दुखणं सांगितलं. काका थांबले, छातीवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाले, "ताई, देशात एवढं पेटलंय आणि तुम्ही एका अक्षराचं काय घेऊन बसलात?"

मला तेव्हा अण्णांचं पत्रक आठवलं. मी म्हटलं, "काका, हे अक्षर नसेल तर शेतकऱ्यांना काही सांगता येत नाही. वारकऱ्यांना, गावकऱ्यांना, कष्टकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, व्यापाऱ्यांना, अधिकाऱ्यांना. नुसतं 'शेतकरी' म्हणायचं असतं तोवर काही अडत नाही. शेतकऱ्यांबद्दल बोलायचं म्हटलं की हे अक्षर लागतं. शासनाचे हजारो निर्णय 'शेतकऱ्यांसाठी' असतात. त्यातले अर्धे एका रीतीने टाइप झाले असतील आणि अर्धे दुसऱ्या, तर शोधणाऱ्याला अर्धेच सापडतील. आणि उरलेले नाहीत, असंच तो समजेल."

काकांनी उत्तर दिलं नाही. ते अख्खी उतरण गप्प होते. खाली आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी आपल्या फोनवर 'शेतकऱ्यांना' असं दोनदा टाइप करून पाहिलं.

त्या दिवसानंतर टेकडीवरच्या चर्चा मी वेगळ्या कानांनी ऐकते. आपण राजकारण म्हणतो ते व्यासपीठावरचं. पण किती जागा कुणाला, हा राजकारणाचा मूळ प्रश्न. आणि तो तर प्रत्येक यंत्राच्या आत ठरतो. साधा एसएमएस घ्या. त्याची रचना १४० बाइटांची. रोमन अक्षरांत लिहिलं तर १६० अक्षरं मावतात, मराठीत लिहिलं तर ७०. पाटी तीच, पण आपल्याला अर्ध्याहून कमी. एका एसएमएसचे पैसे मोजावे लागत होते त्या काळात आपल्या मुलांनी 'कशी आहेस' हे रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली आणि आपण त्यांना भाषेची चाड नाही म्हणून रागावलो. मीही रागावले आहे. मुलांना चाड होती. पाटी लहान होती. आता ती पाटी गेली, पण बोटांना लागलेली सवय गेली नाही. माझी भाची कोल्हापूरची, अस्सल रांगडं बोलते. लिहिते मात्र रोमनमध्येच. तिला दोष द्यायला माझी जीभ आता उचलत नाही.

किंवा ते २०१८ सालचं पाहा. तेलुगूतल्या एका अक्षरसमूहाने आयफोन बंद पडत होते. संदेशात ते अक्षर आलं की ॲप कोसळायचं. जगभर बातम्या झाल्या आणि बहुतेक ठिकाणी सूर मौजेचा होता, 'एका विचित्र भारतीय अक्षराने फोन मारला'. ते विचित्र अक्षर कुठलं होतं? तेलुगूचा ज्ञा. ज्ञानातला ज्ञा. त्याच्या मधोमध एक न दिसणारं चिन्ह घुसलं की फोनला ते मांडता येत नव्हतं. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती काढली, हे चांगलंच झालं. पण मला बातमीतला तो सूर लागला. आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेतलं, पोरं शाळेत गिरवतात ते अक्षर विचित्र कसं? ते न येणारं यंत्र अर्धवट शिकलेलं होतं, एवढंच.

आता सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलतात. टेकडीवरचे आयटीवाले तर दुसरं काही बोलतच नाहीत. तिथेही तोच जुना हिशेब नव्या वहीत आला आहे. संगणकात मजकूर साठवण्याची जी रीत आज सर्वत्र चालते तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'महाराष्ट्र' हा शब्द आपल्या लिपीत तीस बाइट खातो, रोमनमध्ये अकरा. साठवणुकीपुरतं हे चालून जातं. पण भाषेची ही नवी यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात आणि तुकड्यांवर पैसे आकारतात. तुकडे कसे पाडायचे हे त्यांनी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून शिकलेलं. २०२४च्या मे महिन्यात ओपनएआयने 'जीपीटी-४ओ' आणलं तेव्हा त्यांनीच एक तक्ता दिला होता. एकच छोटा मजकूर, जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ तुकडे, मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीत २४, मराठीत ३३. म्हणजे तोवर मराठीत विचारलेल्या त्याच प्रश्नाला साडेतीन पट मोजावे लागत होते. ९६ आणि ३३ हे दोन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. ९६ हा आकडा नशिबाचा नव्हता, हे ३३ने सिद्ध केलं. कुणीतरी मनावर घेतलं आणि आकडा खाली आला. तुकडे पाडणारं यंत्र 'शेतकऱ्यांना' या शब्दाच्या दोन रीती पाहतं तेव्हा तेही त्याला दोन शब्दच समजतं, हे सांगायला नको.

मनावर घेतलं तर काय होतं, याचं दुसरं उदाहरण आपल्या खिशात आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. तीन महिने. एरवी तिथे एखाद्या चिन्हाला वर्षं लागतात. सरकार मागे उभं होतं, म्हणून. मराठीच्या ॲ-ची गोष्टही अशीच आशेची आहे. 'ॲप', 'ॲसिड' लिहिताना आपण हिंदीसारखं 'ऐप' लिहीत नाही, आपला उच्चार वेगळा, आपलं अक्षर वेगळं. ते २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आलं आणि २००९च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेत त्याला बसवलं. त्याच शासन निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श हेच वापरावेत, असंही सांगितलं आहे. पाकळ्यांचा ल आणि देठाचा श. आज तुमच्या फोनवरचा ल पाहा. बहुतेकांच्या फोनवर तो हिंदी वळणाचा असेल. पहिलीतल्या मुलाला पाटीवर एक ल दिसतो, फोनवर दुसरा. हिंदीचा मला राग नाही, माझ्या आवडत्या कादंबऱ्यांपैकी कितीतरी हिंदी आहेत. पण भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या इतक्या लोकांच्या खिशात हिंदी वळणाचा ल होता, आणि त्याबद्दल घोषणा एकही नव्हती. हे मला बोचतं. मुंबईतल्या 'एक टाइप'च्या मंडळींनी 'मुक्ता'सारखे देखणे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतील असे करून ठेवले आहेत. फॉन्ट कुठल्या भाषेसाठी वापरला जातोय हे यंत्राला सांगितलं की अक्षराचं वळण बदलू शकेल, अशी सोयही तंत्रात कधीची आहे. सांगणारा हवा.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या सामानात एक काडेपेटी होती, आत कापसात गुंडाळलेले सात-आठ खिळे. छापखाना मोडला गेला तेव्हा सगळी केस भंगारात वजनावर गेली, त्यातून त्यांनी एवढेच उचलले होते. सगळे अर्ध्या र-चे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. उसने आणलेले परत करायचे राहिले असतील कदाचित.

परवा मी पुन्हा त्या ग्रंथालयात गेले. सोबत एक कागद नेला होता, त्यावर दोन्ही रीती कशा टाइप करायच्या ते लिहून. ती मुलगी हुशार निघाली. तिने मागच्या वेळेपासून एक वही केली होती, 'आहे पण सापडत नाही' असं नाव लिहून. त्यात पुस्तकांची नावं होती. 'वाऱ्यावरची वरात' होतं. ताऱ्यांवरची पुस्तकं होती, किनाऱ्यांवरची, दऱ्याखोऱ्यांतल्या भटकंतीची, वारकऱ्यांवरची. संगणकातली प्रणाली बदलणं तिच्या हातात नव्हतं. ती वर कुठूनतरी कंत्राटाने आली होती. पण प्रत्येक नोंदीत 'पर्यायी शीर्षक' असा एक रिकामा रकाना होता. आम्ही ठरवलं की तिथे दुसऱ्या रीतीने तेच नाव टाकायचं. दिसायला अगदी सारखंच.

साडेसहापर्यंत बसलो. मी वहीतून नाव वाचायचे, ती टाइप करायची. मध्ये एकदा तिने विचारलं, "पण कुणी विचारलं की एकच नाव दोनदा का लिहिलंय, तर काय सांगू?" मी पर्समधून काडेपेटी काढली आणि एक खिळा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो दिव्याखाली धरला. उलटा होता, खिळे उलटेच असतात. तिने पुरवण्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद घेतला, शाईच्या पॅडवर खिळा हळूच टेकवला आणि कागदावर दाबला. बारीक, आडवी पापणी उमटली.

मग तिने 'कऱ्हेचे पाणी' टाइप केलं. नोंद आली. ती उठली, मागे वळली, दुसरा खंड काढला आणि परतीच्या तारखेचा शिक्का मारून माझ्या हातात दिला.